लेकीच्या ताटापायी

लातूरहून परत आल्यापासून दुकानात ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई आधी माप देते आणि मग विचारते, "काय हो, रेवा जेवायला लागली का?" सगळ्या चिपळुणाला ठाऊक झालंय. एकेकीला सांगून माझ्या तोंडाला फेस आला, म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय. ज्यांनी लातूर पाहिलेलं नाही, आणि आमच्या आळीत कुणीच पाहिलेलं नाही, त्यांनी हेच वाचावं. मात्र मला सगळं उमगलंय अशा समजुतीत राहू नका. गेलो तेव्हा निदान भात कसा खायचा एवढं तरी मला कळत होतं.

रेवा ही माझी एकुलती एक लेक. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून बारावीच्या क्लाससाठी लातूरला ठेवलेली. होस्टेलात राहायचं आणि मेसचा डबा खायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पर्यावरणाच्या धड्यानं की आणखी कशानं, पोरीच्या डोक्यात किडा शिरला. एके दिवशी फोनवर म्हणते, "बाबा, भाताच्या शेतीला किती पाणी लागतं माहितेय? या गावात एका वर्षी प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. त्याच गावात बसून मी भात खाऊ?" भात सुटला. पुढे दूध सुटलं, कारण म्हशीच्या ढेकरांनी म्हणे हवा तापते. दुधापाठोपाठ पनीर गेलं, आणि गव्हालाही पाणी लागतं म्हणून चपाती गेली. जे जवळ पिकतं आणि कमी पाण्यावर पिकतं तेवढंच मी खाणार, असं तिचं व्रत. आमची सौ. म्हणाली, "म्हणजे तीन वेळा भात रांधणारी मी आता गुन्हेगार की काय?"

आम्ही हसण्यावारी नेलं. पण एक दिवस होस्टेलच्या बाईंचा फोन आला की पोरीला क्लासात भोवळ आली. सौ.नं माझ्या हातात पिशवी दिली आणि बजावलं, "तिला खायला घालून या, नाहीतर सामानासकट घेऊन या. डॉक्टर नाही झाली तरी चालेल, पोर जिवंत पाहिजे." पिशवीत आमच्या स्वतःच्या मळ्यातला तांदूळ होता आणि आमसुलं होती. आता भातावर रुसलेल्या पोरीला तांदूळ कशाला न्यायचा, असं मी विचारलं. त्यावर मला जे उत्तर मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नांदेड

लातूरच्या गाडीला जागा मिळेना, म्हणून नांदेडची पकडली. नकाशात दोन्ही गावं शेजारी दिसतात. नकाशावर सगळंच शेजारी दिसतं हे मला एसटीच्या पत्र्यावर गुडघे आपटून घेतल्यावर कळलं, पण ते असो.

नांदेडला उतरलो तर चौकाचौकात पोरापोरींचे फोटो लावलेले. मला वाटलं निवडणूक आहे. नीट पाहिलं तर क्लासात पहिली आलेली मुलं. आमच्याकडे एवढा मोठा फोटो लागायला माणसाला आमदार तरी व्हावं लागतं, नाहीतर मरावं लागतं. त्या फोटोंतल्या एकीच्या जागी मी मनातल्या मनात रेवाला लावून पाहिलं आणि पिशवी उचलून पुढे निघालो.

जुन्या भागात रफिकभाई नावाच्या माणसाची खानावळ होती. स्वतः गल्ल्यावर, स्वतःच वाढायला. पाटीवर मासा लिहिलेला बघून माझा जीव सुखावला. शिवाय लेकीच्या शिकवणीचा थोडा परिणाम माझ्यावरही झाला होता. जवळचं तेच खायचं! गोदावरी तर येता येता पाहिली होती.

"गोदावरीचाच ना मासा?" मी ऐटीत विचारलं.

"गोदावरीचा कुठला साहेब! आंध्राचा माल हाय. बर्फात येतो."

"अहो, पण नदी इथे आहे!"

"नदी हितं हाय, मासा आंध्रात हाय. काय करता? देऊ का?"

मी म्हटलं राहू दे, डाळ द्या. पण जिभेला हाड नाही, म्हणून पुन्हा विचारलंच, "तूर तरी इथलीच असेल?"

रफिकभाईनं पळी भांड्यात ठेवली. "तूर हितली मिलला जाते. मिलमधून कुठं जाते अल्ला जाने. मंग पाकीट होऊन माझ्याकडं येते. साहेब, तुमी जेवायला आलाव का चौकशीला?"

आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो, पण घास तोंडात फिरत राहिला. आजवर मी ताटाला कधी गाव विचारलं नव्हतं. एकदा विचारायला लागलं की थांबायचं कुठे, हे त्या पोरीनं मला सांगितलंच नव्हतं.

लातूर

लातूरच्या क्लासच्या भागात मोठी माणसं फार दिसतच नाहीत. पाठीला दप्तर लावलेली पोरंच पोरं, आणि भिंतीभिंतीवर मेस, अभ्यासिका, होस्टेल यांच्या पाट्या. आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत अख्खं गाव पेट्या भरत असतं, तसं इथे अख्खं गाव पोरं सांभाळत असतं.

रेवा कोपऱ्यावर उभी होती. अंगात मी शिवलेला निळा पंजाबी ड्रेस. मी लेडीज टेलर आहे, मला वजनाचा काटा लागत नाही. मी बेतलेला खांदा दंडावर उतरला होता, आणि कमरेला एवढा झोळ की आत दुसरी रेवा मावली असती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडतो. भर रस्त्यात ओरडलो, "अगं, काय ही दशा!"

"बाबा, हळू. सगळे बघतायत."

ती मला एका गाड्यावर घेऊन गेली. तिथे निलंगा राईस नावाचा प्रकार सकाळी सकाळी लोक चापत होते. भात, तोही न्याहारीला! मला हे गाव एकदम आवडलं. मी प्लेट घेतली. रेवा म्हणाली, "खा ना बाबा, माझं काही नाही." हे ती अशा आवाजात म्हणाली की प्रत्येक घासाबरोबर कुणाचा तरी हंडा मी उपसतोय असं मला वाटायला लागलं.

"मग तू काय खातेस? ज्वारीची भाकरी इथली, ती खा."

"मेसमध्ये भाकरी करत नाहीत. मुलं म्हणतात, भाकरीनं क्लासात झोप येते. मी शेंगदाणे खाते. पेरू, फुटाणे, चुरमुरे."

"चुरमुरे कशाचे असतात गं?"

ती उत्तर द्यायला लागली आणि मध्येच थांबली. माझ्यातल्या दुष्ट बापाला क्षणभर फार आनंद झाला. पण पोरीच्या तोंडाकडे पाहिलं तर तिच्या यादीतलं आणखी एक खाणं मी काढून घेतलं होतं! माझी अक्कल पेंड खायला गेली होती, दुसरं काय.

तिथून आम्ही मेसच्या मावशीकडे गेलो. गंगाबाई त्यांचं नाव. लिंगायत बाई, कपाळावर भस्माचे पट्टे, एका पायाला फडकं बांधलेलं आणि चालताना जराशा लंगडत होत्या. माझ्यापुढे चहा ठेवून त्यांनी लगेच गाऱ्हाणं मांडलं.

"दादा, पोरीचा डबा भरलाच्या भरला माघारी येतो. माज्या हाताला चव न्हाई का? तुमीच सांगा."

"मावशी, चवीचं नाही हो," रेवा कळवळून म्हणाली. "मी सांगितलंय ना, माझा डबा पाठवूच नका."

"पाठवू नको कसं? तुज्या बापानं पुऱ्या महिन्याचं भरलंय. उपाशी ठिवली म्हणून मला पाप लागंल."

"मग आलेला डबा म्हशीला घाला. तेही सांगितलंय."

"घालते की," मावशी म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. तिथे जनावराला पाणी पाजायची दगडी डोणी होती, खुंटा होता, खुंट्याला दावंही होतं. म्हैस नव्हती. चरायला गेली असेल म्हटलं आणि विसरून गेलो. तांदळाची पिशवी रेवा घेईना, म्हणून ती मावशींच्याच ओट्यावर ठेवली.

निघताना मावशी म्हणाल्या, "उद्या येळवस हाय. समदं लातूर बंद. माज्या भावाच्या शेतात चला. येळवसेला शेतातलंच खायाचं असतंय. बगू, तिथं तरी पोरगी खाती का."

"सगळं शेतातलं?" रेवाचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले असावेत. तिला हवं होतं ते ताट जगात एका जागी तरी होतं तर! मी मनाशी ठरवलं, उद्या खाल्लं तर ठीक, नाहीतर परवा सामान बांधायचं.

शेतात

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे या अमावस्येला काही नाही. इथे त्या दिवशी दुकानं बंद, रस्ते ओस, आणि यच्चयावत माणसं शेतात. शेतात कडब्याची खोप उभारतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मी पूजतात आणि जेवतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. नुसतं बोलावत नाहीत, धरून नेतात. आमच्याकडे पाहुण्याला "बसा, जेवून जा" म्हणतात आणि पाहुणा "नको, पुन्हा कधीतरी" म्हणतो. दोघांनाही ते ठाऊक असतं. इथे "नको" म्हणायची सोयच नाही. टेम्पोतून उतरून मावशींच्या भावाच्या शेताकडे चालत निघालो, तर प्रत्येक बांधावरून हाका. "ओ पाव्हणं! या की, येळवस हाय!" प्रत्येक ठिकाणी गाडग्यातली आंबील प्यावी लागली. ज्वारीचं पीठ आणि ताक घालून केलेली, लसूण मिरची लावलेली. मी ती सोलकढीसारखी घटाघटा प्यालो. पोटाचा जो नगारा झाला, तो भावाच्या शेतात पोचेपर्यंत वाजत होता.

भावाचं नाव शिवाप्पा. मोठ्या मिशांचा, मोठ्यानं बोलणारा माणूस. आधी त्यानं आंबिलीचं गाडगं घेऊन शेताला फेरा मारला, पिकावर शिंपडत आणि काहीतरी ओरडत. मी अर्थ विचारला. "कुणाला ठाव! बा म्हणायचा, म्या म्हणतो." चला, न कळणारा मी एकटाच नव्हतो.

खोपीपुढे घोंगडी अंथरली होती. शिवाप्पाच्या बायकोनं भज्जीचं पातेलं उघडलं. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, गाजर, चिंच, सगळं बेसनात शिजवलेलं दाट कालवण. बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आंबील, शेंगदाण्याची चटणी, दहीभात. वासानं माझा नगाराही गप्प झाला.

रेवा मांडी घालून बसली आणि आनंदानं विचारती झाली, "काका, हे सगळं तुमच्या शेतातलं?"

शिवाप्पा प्रामाणिक निघाला, तिथेच घोळ झाला. "तूर माजी हाय. हरभऱ्याचा पाला माजा. चिच बांधावरची. वाटाणा मंडईतला, त्यो कुठून येतो ठाव न्हाई. बेसन पाकिटाचं."

"बाजरी?"

"दुकानातली."

"पण ज्वारी तरी? ही खोप ज्वारीच्या कडब्याची आहे!"

"कडबा पाव्हण्याकडून मागून आणला. येळवसेला खोप पायजे म्हणून. आमी आता सोयाबीन पेरतो बाई. ते निघालं की हरभरा."

"सोयाबीन कोण खातं?"

"तेल निघतं. पेंड कोंबड्या खात्यात. आमी न्हाई खात."

मग त्यानं कडेला हात दाखवला. तिकडे बाभळी माजल्या होत्या. तिथे त्यांचं जुनं गाव होतं, भूकंपात गेलेलं. नवं गाव आम्ही येताना पाहिलं होतं, आखीव रस्ते आणि एकसारखी घरं. जुन्या गावात घरोघरी पेव असायचं, म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. त्यात ज्वारी भरून तोंड लिंपलं की पाऊसपाण्याची चिंता नाही. "नव्या गावात सिमिटाची फरशी. पेव कुठं खणता? ठिवायला जागा न्हाई, मंग पेरून काय करता? पेरलं, काढलं, इकलं, आन दुकानातून आणून खाल्लं." तो हसला. "चूक का बरोबर, मला बी समजंना झालंय."

रेवानं शेवटचं बोट दहीभाताकडे केलं. "हा तांदूळ कुठला?"

"त्यो?" मावशींनीच उत्तर दिलं. "तुज्याच घरचा की! बापानं आणलेला."

म्हणजे घोंगडीवर सगळ्यात लांबून आलेला जिन्नस आमच्याच मळ्यातला होता. मला हसू फुटलं. रेवाला नाही. तिनं ताट हळूच पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मला भूक नाही."

शिवाप्पाच्या बायकोचा हात पातेल्यावरच थांबला. येळवसेला शेतात आलेला पाहुणा जेवल्याशिवाय घरचं माणूस घास घेत नाही, हे मला तेव्हा समजलं. कुणीच जेवेना. पोरं ताटांकडे बघत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी डोळे वटारले, विनवलं, तिच्या आईची शपथ घातली. रेवाच्या डोळ्यांत पाणी. "बाबा, मी मुद्दाम नाही करत. मला खरंच कळत नाही काय खाऊ!" तिला काय सांगणार? नांदेडपासून मलाही तेच कळत नव्हतं. उद्याच्या गाडीला जागा मिळेल का, याचाच विचार मी करायला लागलो.

तेवढ्यात मावशींनी कनवटीची पुडी काढून गोळी तोंडात टाकली आणि शिवाप्पा त्यांच्यावर खेकसला. "गोळ्या गिळायच्या आन वरून भात खायाचा! तिकडं शुगर वाढलीय, पायाची जखम भरंना. डाक्टरनं भात बंद केलाय ना तुजा?"

"गप की. पाव्हण्यांपुढं काय लावलंस."

"का गप? रोज सांजच्याला डबाभर भात आन चपात्या खाती ही! माघारी आलेला डबा!"

रेवानं मान वर केली. "कुठला डबा?"

शिवाप्पानं मावशींकडे बोट केलं.

"मावशी, माझा डबा तर म्हशीला..."

"म्हैस कवाच इकली बाई," मावशी खाली बघत म्हणाल्या. "पाणी न्हवतं त्या साली. माणसाला रेल्वेनं पाणी आलं, म्हशीला कुठून आणू?"

"मग टाकून द्यायचा! तुम्ही कशाला..."

"टाकू कसं?"

शिवाप्पाचा आवाज आता खाली आला. "हिला अन्न टाकता येत न्हाई. भूकंपाच्या टायमाला टरकं भरभरून खायाला आलं. ब्रेड, पुऱ्या, काय काय. कुठून कुठून लोकांनी धाडलं. ढीग लागला. खायाला माणसंच उरली न्हवती. शेवटी नासलं, त्याच्यावर माती लोटली. ही बगत हुबी व्हती. तवापासून कुणाचा डबा माघारी आला की हिचा जीव ऱ्हात न्हाई."

मावशी पदरानं तोंड पुसत होत्या. रेवा त्यांच्या पायाच्या फडक्याकडे बघत होती. इतके दिवस ती एकेक घास सोडून कुठल्या तरी नदीचं पाणी वाचवत होती, आणि तो घास रोज संध्याकाळी या बाईच्या पायात उतरत होता. मला पोरीची दया आली, मावशींची आली, आणि तो रिकामा खुंटा पाहूनही काही न समजल्याबद्दल स्वतःचा राग आला.

रेवा उठली. मला वाटलं आता ही बांधाकडे पळते. पण ती मावशींच्या शेजारी जाऊन बसली. त्यांच्या ताटात वाढलेला दहीभात तिनं हातानं उचलून आपल्या ताटात घेतला, शितन् शीत. "हा तुम्हाला नाही," ती म्हणाली. नाक ओढत, रडत, तिनं तो सगळा खाल्ला. मग ताट पुढे करून भज्जी मागितली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा शिवाप्पाच्या बायकोनं दृष्ट लागू नये म्हणून तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी दोन उंडे जास्तच खाल्ले, त्याचे परिणाम पुढे दोन दिवस भोगले.

परत

सामान बांधलं नाही. निघायच्या आधी मेसमध्ये मावशींची आणि रेवाची जोरात वादावादी झाली. रेवाचं म्हणणं, डबा येईल पण त्यात भात मूठभर, आणि चपातीऐवजी दोघींसाठी ज्वारीची भाकरी. मावशी म्हणे, पुऱ्या पैशात अर्धा डबा घालणाऱ्यातली मी न्हाई. शेवटी भाताच्या जागी उसळ वाढवायची यावर तोड निघाली. उसळ कुठल्या मटकीची, हे विचारायला रेवानं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहून मिटलं.

घरी आलो. सौ.नं ताट वाढलं. भात, आमटी, तळलेला बांगडा. मी बांगड्याकडे बघत बसलो. हा आपल्या बंदरातला की हाही कुठून बर्फात आला? "काय झालं? मासा ओळखीचा वाटतोय का?" सौ.नं विचारलं. पोरगी चुकीची बोलत होती असं मला अजून वाटत नाही. बरोबर काय ते मात्र विचारू नका.

तेवढ्यात फोन वाजला. गंगामावशी. आवाज चढलेला, तक्रारीचा.

"दादा, काय सांगावं तुमच्या पोरीला! डबा रिकामा आला. धुऊन पुसून! आता मला सांजच्याला काय ऱ्हायलंच न्हाई की हो. माजी मलाच भाकर थापाय लागली."